सगळंच उचलणारी एक ओळ

भाईंदरजवळच्या बेव्हर्ली पार्कातल्या एका फ्लॅटच्या हॉलमध्ये आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस होतं. कॉम्प्युटर तीन, तिन्ही हिरव्या अक्षरांचे. आता एक रंगीत मॉनिटर येणार होता. तो माझ्याच टेबलावर यावा म्हणून मी मनातल्या मनात टेबल रिकामंसुद्धा करून ठेवलं होतं. पण साहेबांचं लक्ष ऑफिसातल्या नव्या मुलीकडे.

ती समुद्राकाठच्या पाली गावातून यायची, माझ्यानंतर लागलेली. तिने एक बॅच फाइल लिहिली. एक कमांड दिली की प्रोग्राम आपोआप तयार, आणि गिऱ्हाइकाच्या फ्लॉपीवर लागतील तेवढ्याच फाइली कॉपी. एकेका फाइलचं नाव एकेका ओळीत. साहेब म्हणाले, "वा!"

"बॅच फाइल आहे का वाण्याची यादी?" मी म्हणालो.

"यादीत न्हाय ती फाइल जायची न्हाय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती रजेवर. मी तिची यादी पुसून एकच ओळ टाकली, स्टार डॉट स्टार. म्हणजे डिरेक्टरीत असेल नसेल ते सगळं उचल. "बघा सर, एका ओळीत!" साहेब म्हणाले, "वा!" त्या रात्री मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

ती फ्लॉपी भाईंदरच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात गेली. सकाळी शेठचा फोन. आम्ही तिघंही धावलो. माझ्या ओळीने आमची टेस्टिंगची फाइलही उचलली होती. त्यांच्या खऱ्या पार्ट्या, म्हणजे हिशेबातली गिऱ्हाइकं, गायब होऊन आमच्या टेस्टिंगच्या खोट्या पार्ट्या तिथे बसल्या होत्या. आणि खोटी नावं सुचवायचं काम माझं. त्या महिन्यात मला एकच विषय सुचत होता.

शेठ स्क्रीनवर बोट ठेवून मोठ्याने वाचत होते, "अरे भाई, ये 'अतिशहाणी स्टील, पाली' कौन है? और ये 'साहेबांची लाडकी ट्रेडर्स'?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे.

तिने शांतपणे पर्समधून फ्लॉपी काढली. "शेठ, तुमच्या हिशेबाचा परवाचा बॅकअप हाय माझ्याकडे. आणि त्या दोन्ही पार्ट्या बंद पडल्यात, समजा."

परतताना रिक्षात ती म्हणाली, "माझ्या दोन दोन पार्ट्या काढल्यास. तुझी एकपण न्हाय?"

मॉनिटर अर्थातच तिच्या टेबलावर गेला. मग मला रोज नव्या शंका येऊ लागल्या. त्या विचारायला मी तिच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहायचो आणि तो निळा पडदा डोळे भरून बघायचो.

"विचारून झालं असेल तर सरक," ती वळून न बघता म्हणायची, "काचेत तुझं तोंड दिसतंय."