पाय टेकला

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही – आणि तिच्यापासून एखाददुसरी विडी सोडली तर मी काही लपवत नाही. मग आज तुमच्याजवळ का? माहीत नाही. छातीत मावेनासं झालं असेल.

स्वातंत्र्याला सहा-सात वर्षं झाली होती. मी डोंबिवलीचा, तेविशीतला, अंगात रग. आमच्या चाळीतल्या मालतीवहिनींच्या कुमुदला पोलिओ झाला आणि दोन्ही पाय लुळे पडले. पाच वर्षांची पोर. मुंबईला काही डॉक्टर या रोगावर संशोधन करत होते. त्यांना मदत म्हणून मी जाहीर केलं – सलग तीन दिवस मैदानात सायकल चालवणार, जमिनीला पाय न टेकता. खाणं, पिणं, दाढी, सगळं सायकलवर. कुमुदसाठी केलं का? थोडं तिच्यासाठी. बरंचसं हारांसाठी – तेही सांगून टाकतो.

कोपरीपासून खडवलीपर्यंतची माणसं बघायला यायची. पसरलेल्या चादरीवर जमेल ते टाकायची, आणि जाताना – हसू नका – माझ्या सायकलला नमस्कार करायची. वहिनी रोज कुमुदला आणून चिंचेखाली खुर्चीवर बसवायच्या. माझे तीन दिवस पुरे झाले की पोरीचा पाय जमिनीला टेकेल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. "भावजी, तुमच्या तपाला फळ येणार बघा," म्हणायच्या. असलं मनात आणू नका, असं मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. ऐकायला छान वाटायचं ना!

तिसरी दुपार. ऊन मी म्हणत होतं. गर्दी जेवायला पांगली, देखरेखीची मंडळी मांडवात पेंगत होती, वहिनी नळावर गेल्या होत्या. माझ्या पोटरीत गोळा आला आणि मी उतरलो. पडलो नाही, बरं का – उतरलो. दोन्ही पाय मातीवर ठेवून उभा राहिलो. किती वेळ? पाच श्वास? दहा? तसं सुख मला पुढे कशातच मिळालं नाही. मग गुपचूप पुन्हा चढलो.

तोच कुमुद टाळ्या पिटत ओरडली, "पाय टेकला! आई, पाय टेकला!"

वहिनी कळशी टाकून धावत आल्या. कुणाचा पाय, हे त्यांनी विचारलंच नाही. कसं विचारतील? त्या माउलीला गेलं वर्षभर एकच विषय होता. मांडव जागा झाला, आसपासच्या घरांतून माणसं उष्ट्या हातांनी धावली. "टेकव बाळा, पुन्हा टेकव," म्हणत वहिनींनी तिला खुर्चीवरून उतरवलं. हात सोडले.

मी समोरच होतो. माझा टेकला वहिनी, माझा – एवढंच ओरडायचं होतं. मी घंटी वाजवली आणि पुढची फेरी घेतली.

परत आलो तेव्हा कुमुद मातीत पडली होती. हनुवटी फुटली होती. "माझा नाही गं, काकांचा टेकला," ती रडत सांगत होती. वहिनींनी तिच्या थोबाडीत मारली. त्यापूर्वी त्यांनी तिच्यावर कधी हात उगारलेला मी पाहिला नव्हता.

"तुझ्यासाठी जिवाचं रान करतोय तो, आणि त्याच्यावर आळ घेतेस?"

ते शब्द मला स्पष्ट ऐकू आले. माझे पाय फिरत राहिले. लाज वाटली का? वाटली. पण हारांची आशा लाजेपेक्षा मोठी होती.

संध्याकाळी ताशा वाजला. मला उतरवून खुर्चीवर बसवलं. वहिनींनी ओवाळलं. डोळे रडून सुजले होते, तरी ओवाळलं. मग कुमुदला उचलून माझ्या पायांशी बसवलं.

"माफी माग काकांची."

तिनं मान खाली घालून मागितली.

"असू द्या वहिनी, लहान आहे," मी म्हणालो, आणि चारचौघांत तिला माफ केलं.