फुटक्या फोनचे मिस्ड कॉल

वाचकांच्या गूढ अनुभवांच्या या सदरात मी आजवर फक्त खिल्ली उडवायला यायचो, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. ‘दही खाऊन झोपलात की भुतं दिसतात’ ही कॉमेंट माझीच. तेव्हा आज माझी पाळी... उडवा.

मी नगरला राहतो. क्षयरोगाच्या पेशंटची रोजची गोळी चुकू नये म्हणून मोबाईलचा काय उपयोग होतो, यावर संशोधन करतो. सासरवाडीत याचा अर्थ ‘जावई मोबाईल दुरुस्त करतात’ असा लागलाय. दिवाळीला फराळाच्या आधी माझ्यापुढे बंद पडलेले हँडसेट येतात.

आमची पद्धत सोपी. गोळी घेतली की प्रोजेक्टच्या नंबरवर एक मिस्ड कॉल. काही त्रास झाला तर लागोपाठ दोन. तो प्रोजेक्टचा फोन माझ्याच खिशात असायचा.

हिराबाई आमची पेशंट. पाथर्डीकडची, ऊसतोडीला नवऱ्याबरोबर कोपरगावजवळ आलेली. तिचा पहिलाच कॉल मी उत्साहाच्या भरात उचलला, तर पलीकडून तडकून आवाज...

“उचलता कशाला सायेब? मिस कॉल उचलायचा नसतो!”

कट. तीस वर्षांच्या संसारात बायकोनेही मला इतक्या थोडक्यात गप्प केलेलं नाही.

तर — जानेवारीतला रविवार. सुनंदाला, म्हणजे बायकोला, शिर्डीला न्यायचं कबूल केलेलं. राहुरीत चहाला थांबलो तर हिराबाईच्या नंबरवरून दोन मिस्ड कॉल. उलटा फोन लावला, स्विच्ड ऑफ. म्हटलं, चुकून बटण दाबलं गेलं असेल. पुढे राहात्याला रस्त्यावर पेरू घेत होतो, तर परत दोन.

“अहो, दोन म्हणजे त्रास, हे तुम्हीच शिकवलंत ना?” सुनंदा म्हणाली. “मग पेरू काय निवडत बसलाय? चला कोपरगावला.”

“आणि दर्शन?”

“बाबा कुठे जात नाहीत. बसा गाडीत.”

शिर्डी मागे टाकून आम्ही थेट तोडकऱ्यांच्या कोप्यांवर पोचलो. उसाच्या पाचटाच्या त्या झोपडीपुढे हिराबाई गोधडी घेऊन पडलेली. डोळे हळदीसारखे पिवळे. या गोळ्यांनी एखाद्याच्या लिव्हरला त्रास होतो आणि अशा वेळी गोळी ताबडतोब थांबवावी लागते. पण ‘काही झालं तरी चुकवायची नाही’ हे आम्ही इतकं घोकून घेतलेलं की बाई उलट्या होत असतानाही इमानाने गिळत होती.

“सायेब, तुमी कसे आले?” तिने विचारलं.

“तुम्हीच बोलावलंत की! दोन-दोन मिस्ड कॉल दिलेत.”

तिच्या नवऱ्याने, महादूने, आत जाऊन एक फडकं आणलं आणि त्याची गाठ सोडली. आत फोनचा चुरा.

“सोमवारीच ट्रॉलीखाली गेला, सायेब. कशावरून फोन करनार?”

“आणि सिमकार्ड?”

हिराबाईने उशाची पिशवी ओढून कुंकवाचा करंडा उघडला. कुंकवात माखलेलं सिम.

पण सोमवारनंतरही रोज सकाळी तिचा एकेक मिस्ड कॉल येत होता! मी घाबरत विचारलं, “मग गोळी रोज घेत होतात?”

“व्हय तर. फोन न्हाई म्हून मनातल्या मनात सांगायची... सायेब, घेतली.”

“आणि आज?”

ती ओशाळली. “आज लई मळमळलं. दोन-दोनदा सांगितलं.”

सुनंदाने माझ्या दंडाला चिमटा काढला. “विचारपूस नंतर! उचला त्यांना.”

हिराबाईला मागच्या सीटवर सुनंदाच्या मांडीवर निजवलं आणि दवाखाना गाठला. “आणखी अंगावर काढलं असतं तर अवघड होतं,” डॉक्टर म्हणाले. काही आठवड्यांत ती सावरली, औषधं बदलून पुन्हा सुरू झाली आणि कोर्स पुरा झाला. गावी जाताना लेकीने घेतलेला नवा फोन, नवा नंबर मला दाखवला आणि जुनं सिम माझ्या हातावर ठेवलं. “तुमीच ठेवा. तुमच्या संशोधनाला कामी येईल.”

मी मोबाईल कंपनीत चौकशी केली. त्या आठवड्यात त्या नंबरवरून एकही कॉल गेलेला नाही म्हणे. माझ्या फोनमध्ये मात्र सगळे आहेत. ऑफिसातल्या इंजिनिअरने तासभर डोकं खाजवलं आणि शेवटी मलाच विचारलं, “सर, जेवणात दही होतं का?”

सिम घरी माझ्या टेबलाच्या खणात आहे. गेल्या दसऱ्याला आपट्याची पानं वाटत होतो, तेव्हा खिशातला फोन वाजला. तोच नंबर. खण उघडला — सिम कुंकवासकट जागेवर.

“अहो, उचला ना!” सुनंदा कुजबुजली.

“मिस कॉल उचलायचा नसतो,” मी म्हणालो. आम्ही दोघं दुसऱ्या कॉलची वाट बघत उभे राहिलो.

आला नाही. एकच होता. म्हणजे बाई बरी आहे.