कॉलर असलेली माफी

सारी गल्ली त्यांना कडकराव म्हणते ते इस्त्रीवरून, स्वभावावरून नव्हे. स्वभाव म्हणाल तर मेणाहून मऊ. त्यांच्या दुकानातून आलेला शर्ट घातला की माणूस दिवसभर ताठ बसतो. वाकलं तर शर्टाला काय वाटेल, अशी धास्ती! पण पट्टीचा पोहणाराच बुडतो म्हणतात, ते काही खोटं नाही. नव्या सुनेच्या नोकरीचा पहिला दिवस होता. तिच्या आईने दिलेला रेशमी शर्ट टेबलावर पसरलेला, आणि कडकराव शेजाऱ्याशी निवडणुकीवरून तावातावाने बोलत होते. बोलणं संपलं तेव्हा शर्टाच्या पाठीवर इस्त्रीचा तपकिरी ठसा उमटला होता.

"असू दे, बाबा," एवढंच म्हणून सून दुसरा शर्ट घालून गेली. त्या दिवसापासून तिचे कपडे समोरच्या इस्त्रीवाल्याकडे जाऊ लागले. घरात इस्त्री असताना! शर्ट जळाला होता त्याहून कडकराव जास्त जळले. पोरगी कायमची दुरावली, हे मनात घर करून बसलं.

"अहो, एकदा माफी मागून मोकळे व्हा ना," बायको म्हणाली.

"तोंडाने नाही जमत गं."

"मग हाताने मागा. जन्मभर हातानेच तर बोलत आलात."

कडकरावांना ते पटलं. जाड आकाशी कागद आणून त्यांनी आतल्या बाजूला शाईने लिहिलं, 'चूक माझी. रागावू नकोस.' मग त्या कागदाचाच छोटा शर्ट करायला दोन्ही कडा मध्यावर दुमडल्या. घडी नीट बसावी म्हणून इस्त्री घेतली, आणि हात आपोआप बाटलीकडे गेला. फस्स करून पाणी मारलं! माफी वाहून गेली, कागदावर निळं तळं उरलं.

बायको हसून हसून बेजार. दुसऱ्या कागदाच्या वेळी पाण्याची बाटली मांडीत धरून बसली आणि काही केल्या देईना. कडकरावांनी कोरडी इस्त्री फिरवली. वर दोन काप देऊन पट्ट्या तिरप्या वळवल्या, की झाली कॉलर. बाजूंना दुमडून बाह्या केल्या, खरं बटण चिकटवलं. तळहातावर मावेल एवढा शर्ट, पण ऐट अशी की आता कामावर निघेल.

संध्याकाळी सून घरात पाऊल टाकते न टाकते तोच त्यांनी तो तिच्या हातात दिला.

"अय्या, बाबा! हा तुम्ही केलात?"

"उघड ना. आत लिहिलंय काहीतरी."

"उघडू? म्हणजे कॉलर मोडू? छे! मी हा अस्साच ऑफिसच्या टेबलावर ठेवणार."

कडकरावांना घाम फुटला. इतकं करून माफी आतच अडकली! दारात उभी असलेली बायको हसू दाबत होती. मदतीला येण्याचं नाव नाही.

"अगं पण, आतलं वाचायला नको?"

"मग तुम्हीच सांगा ना काय लिहिलंय ते."

पळायला वाट उरली नाही. कडकरावांनी घसा खाकरला, डोळे मिटले आणि शाळेतल्या पोरासारखं खणखणीत आवाजात म्हणून टाकलं, "चूक माझी. रागावू नकोस."

सून म्हणाली, "मी रागावले कुठे, बाबा? त्या दिवशी तुमचा चेहरा बघवेना मला. वाटलं, माझे कपडे हातात आले की तुम्हाला तेच आठवत राहील. म्हणून समोर देत होते."

कडकरावांचे डोळे भरून आले. इतकं बरं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"वेडी कुठली!" त्यांनी बाहीने नाक पुसलं. "जा, होते नव्हते तेवढे सगळे कपडे घेऊन ये. अगं, त्या समोरच्याची ती कसली इस्त्री! काय त्या बाह्या, काय त्या कॉलरी! रोज माझ्या डोळ्यांसमोरून जायचीस. इतके दिवस कसा गप्प राहिलो, माझं मला माहीत!"