खुमरीखालचा कॅमेरा

ऊन पडलं की गुणाकर मेश्राम आपली मोठी लेन्स बाहेर काढतो. अंगणात खाट, खाटेवर धुतलेला पंचा, पंच्यावर ती हातभर लांब लेन्स. बालाघाटच्या पावसाळ्यात काचेला बुरशी धरते. आधी केसाएवढा धागा दिसतो, मग कोळ्याचं जाळं. उन्हानं ती आटोक्यात राहते असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

खाटेच्या दुसऱ्या टोकाला त्याची बायको देवश्री वड्या वाळत घालते.

"मुरलं का लोनचं तुमचं?" ती विचारते.

"हौ."

"मुरवूनच राह्यले. खाताना तं कधी दिसले नाई."

तो फुंकणीनं धूळ उडवतो, झाकण लावतो आणि लेन्स परत डब्यात ठेवतो. धान्याचा घट्ट झाकणाचा डबा आहे तो. आत चपलांच्या दुकानातून मागून आणलेल्या, ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या आहेत. दोन वर्षं होत आली, या लेन्समधून त्यानं कामाचा एकही फोटो काढलेला नाही.

गुणाकर सिंचाई खात्यात बाबू आहे. वय सत्तेचाळीस. त्याला दारू नाही, पत्ते नाहीत. एक कॅमेरा आहे. तो त्यानं माणिकच्या स्टुडिओतून जुना घेतला. माणिक लग्नाचे फोटो काढतो, त्याला नवा घ्यायचा होता. कॅमेऱ्यासोबत आलेल्या छोट्या लेन्समध्ये माणसं येत, देऊळ येई, वैनगंगेचा पूल येई. पाखरं येत नसत. मग त्यानं दुसरी लेन्स घेतली, अडीचशे मिलिमीटरची. तिच्यात पाखरं येऊ लागली, पण लांबून. शिवाय समोर गवताचं पातं आलं की ती गोंधळून जाई. घर्र घर्र करत मागेपुढे होई, आणि तोवर पाखरू उडालेलं असे.

हौशी फोटोवाल्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. त्यात दातांचे एक डॉक्टर होते. त्यांच्याकडे सहाशेची लेन्स होती. त्यांच्या फोटोत पाखराच्या पापणीवरचा पाण्याचा थेंब दिसे. गुणाकरनं एकदा सारसाचा फोटो टाकला. दोन मिनिटांत डॉक्टरांचं उत्तर आलं, "गुणाकर भाई, सारस किधर है? गोल करके बताओ."

माणिकनं खरंच लाल गोल काढून पाठवला. खाली लिहिलं, "हा सारस नाही, डास आहे." सगळे हसले. गुणाकरनंही हसण्याचं चित्र पाठवलं.

तो सारस सुखरामच्या शेतातला होता.

लांजीच्या रस्त्याला, नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, शेवटच्या फाट्यावर सुखरामची चार एकर धानाची जमीन आहे. गुणाकर पाण्याची तक्रार बघायला गेला, तेव्हा ओळख झाली. सुखराम साठीचा. बारीक, काळा, समोरचे दोन दात पडलेले. त्याच्या खालच्या बांधीत, म्हणजे पाणी साचणाऱ्या कोपऱ्यातल्या वाफ्यात, दर पावसाळ्यात सारसांची एकच जोडी घरटं करी. आठ वर्षांपासून. सुखराम त्या कोपऱ्यात धानाचा रोवणाच करत नसे. तेवढी जागा पाखरांची.

सारस घरट्याजवळ कुणाला येऊ देत नाही. माणसाएवढं उंच पाखरू, अंगावर आलं की बैलसुद्धा मागे सरतो. पण सुखराम बाजूच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जाई, निंदण करी, पाणी फोडी, आणि मादी अंड्यांवर बसून राही. धुऱ्यावर पाय ठेवण्याआधी तो थांबे. डोक्यावर पळसाच्या पानांची खुमरी, ती बांबूची गोल टोपी, कमरेला लुंगी. तिथून तो हळू आवाजात म्हणे, "मी होय गा, मी होय."

मगच पुढे जाई.

"त्यायले काय समजते, काका?" गुणाकरनं एकदा विचारलं होतं.

"तुमाले समजते नं, बाबू? मंग त्यायले काहून नाई समजन?"

त्यानं दोन पावसाळे गुणाकरला जवळ फिरकू दिलं नाही. तिसऱ्या वर्षी धुऱ्यावरच्या पळसापर्यंत नेलं. पळसाच्या खोडावर हात ठेवून म्हणाला, "इथून पुढं नाई."

पळसापासून घरटं ऐंशी पावलं. अडीचशेच्या लेन्सनं तिथून डासच येतो.

त्या वर्षी दसऱ्यानंतर बालाघाटला फोटोंचं प्रदर्शन भरणार होतं. गुणाकरला त्यात एक फोटो हवा होता. फक्त एक. मादी घरट्यावर, लाल मान खाली वळलेली, पोटाखालून दिसणारं अंडं, आणि डोळा. डोळ्यावर नेमका फोकस. ऑगस्टच्या शेवटी अंडी फुटायला आठ-दहा दिवस उरले होते.

तेव्हाच सुखरामच्या बहिणीच्या घरी मौत झाली. तो तीन दिवसांसाठी लामत्याला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणाकर त्याच्या घरी पोचला. बारीक झड लागली होती. सुखरामची बायको जिजाबाई चुलीपाशी होती. तिनं चहा दिला.

"ते तं नाई, बाबू. उद्या येतीन."

"माहीत हाय, काकी. मी पळसापासूनच काढतो. थोडा वेळ खुमरी भेटन काय? कॅमेरा भिजते."

जिजाबाईनं खुंटीवरची खुमरी काढून दिली. त्याच्या पॅन्टकडे बघून हसली. "चिखलात हे घालून जाता? हे घ्या, त्याहिची लुंगी घ्या. साहेब लोक, कपडे खराब होतीन."

त्यानं लुंगी मागितली नव्हती. नंतर कितीतरी वेळा त्यानं स्वतःला हे सांगून पाहिलं. लुंगी मी मागितली नव्हती. पण खुमरी मागताना त्याच्या मनात काय होतं, ते त्याला ठाऊक होतं.

खुमरी आणि लुंगी घालून तो पळसापाशी क्षणभर थांबला. मग पुढे गेला.

चाळीस पावलांवर नरानं मान वर केली. गुणाकर सुखरामसारखा थांबला. गुडघ्यात थोडा वाकला. आणि हळू आवाजात म्हणाला, "मी होय गा, मी होय."

नरानं मान खाली घातली. तो पुन्हा पाण्यात चरू लागला.

ते पाहून गुणाकरच्या अंगावर काटा आला. त्या वेळी तो आनंदाचा वाटला.

पंधरा पावलांवर तो बसला. खुमरीखालून कॅमेरा काढला. लेन्स सवयीप्रमाणे गवताच्या पात्यावर अडकली, घर्र घर्र करू लागली. त्यानं बटण सरकवून फोकस हातात घेतला. कडी फिरवली. गवत विरघळलं. मान आली. मग डोळा आला. केशरी, गोल, मधोमध काळा. त्यानं दाबून धरलं. एका दमात अकरा फोटो निघाले.

मादी लगेच उठली नाही. तिनं आधी पाहिलं. खुमरीकडे, मग खुमरीखालच्या त्या काळ्या काचेकडे. मग ती उठली आणि ओरडली. ती हाक अर्ध्या कोसावर ऐकू जाते. नर पंख पसरून पाण्यातून धावत आला. गुणाकर पळाला. बांधीत आडवा पडला, पण कॅमेऱ्याचा हात वर ठेवला. खुमरी पाण्यात तरंगत राहिली. ती नंतर त्यानं काठीनं ओढून घेतली.

"पडले काय, बाबू?" जिजाबाईनं विचारलं.

"घसरलो," तो म्हणाला.

संध्याकाळी घरी त्यानं फोटो पाहिले. अकरापैकी दहा हललेले. एक मात्र पापणीपर्यंत स्वच्छ. पाखरू सरळ त्याच्याकडे बघत होतं. त्यानं तो ग्रुपवर टाकला. डॉक्टरांनी लिहिलं, "कौन सा लेंस लिया?" गुणाकरनं उत्तर दिलं, "वही पुराना." इतकी सुखाची झोप त्याला कित्येक दिवसांत लागली नव्हती.

पाचव्या दिवशी सुखरामचा फोन आला. तो फोन कधी करत नसे.

"बाबू, पाखरं मले वळखत नाई."

"म्हंजे?"

"मी धुऱ्यावर गेलो. म्हनलं, मी होय. तं दोघंही अंगावर आले. आठ वर्सांत असं नाई झालं. मंग उडून गेले. दुपारी पाह्यलं, बसलीच नाई अंड्यावर. काल बी तसंच. मले पाह्यलं का उडून जाते. तुमी पुस्तकं वाचता. माह्यं काय चुकलं असन?"

तेव्हा सांगता आलं असतं. काका, खुमरी काढून ठेवा, चार दिवस तिकडे जाऊ नका, दुसऱ्या वाटेनं पाणी फोडा. कदाचित मादी परतली असती. अंड्यांत अजून ऊब असेल, तर कदाचित.

"असं होते कधी कधी," गुणाकर म्हणाला. "मौसम खराब हाय."

"हौ," सुखराम म्हणाला. "मौसमच असन."

तो बिचारा रोज जात राहिला. समजूत घालायला. तीच खुमरी घालून, तेच शब्द म्हणत. आठव्या दिवशी अंडी कावळ्यांनी फोडली.

प्रदर्शनात गुणाकरच्या फोटोला पहिला नंबर मिळाला. तो जवळजवळ दाराएवढा मोठा करून समोरच्या भिंतीवर लावला होता. माणिकनं हार आणला. डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "मान गए, भाई." देवश्री नवी साडी नेसून आली होती. आणि तिच्या मागून सुखराम आणि जिजाबाई आत आले.

ते जिजाबाईचे डोळे दाखवायला बालाघाटला आले होते आणि नवे तांदूळ द्यायला गुणाकरच्या घरी गेले होते. देवश्रीला काहीच माहीत नव्हतं. "तुमच्याच वावरातला पक्षी हाय म्हनलं, काका," ती आनंदानं सांगत होती. "पहिला नंबर आला. चला, पाहून तं घ्या."

सुखराम फोटोसमोर उभा राहिला. चपला त्यानं दाराबाहेर काढल्या होत्या. खूप वेळ पाहत राहिला.

"किती जवळून काढला," तो म्हणाला.

"हा त्या दिवशीचा काय, बाबू?" जिजाबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत औषध घातलं होतं, ती डोळे बारीक करून बघत होती. मग नवऱ्याकडे वळली. "तुमी लामत्याला गेलते न जी, तवाचा. बाबूनं तुमची खुमरी नेलती. लुंगी बी मीच देल्ली. घसरून पडले बिचारे."

सुखरामनं मान वळवली नाही. तो पाखराच्या डोळ्याकडे बघत होता. गुणाकर त्याच्या पाठीकडे बघत होता. ती पाठ एकदा हलली. हुंदका नव्हता, दम घेतल्यासारखं काहीतरी.

"काका—"

"फोटो चांगला हाय," सुखराम म्हणाला. मग बायकोला म्हणाला, "चाल. बस जाईन."

चपला घालताना त्याला एक चप्पल सापडेना. ती देवश्रीनं शोधून दिली. परत येऊन तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तिनं काही विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

त्याच हिवाळ्यात गुणाकरनं फंडातून रक्कम काढली आणि सहाशेची लेन्स घेतली. आता पळसाच्या पुढे जायची कधीच गरज पडणार नव्हती. ऐंशी पावलांवरूनही डोळा स्पष्ट येणार होता. पुढच्या पावसाळ्यात जोडी आली नाही.

यंदाही आली नाही.

सुखराम मात्र तो कोपरा अजून तसाच सोडतो. शेजाऱ्यांची वावरं हिरवी झाली तरी तेवढी बांधी नुसतं पाणी धरून असते. आणि तो खुमरी घालत नाही. पावसात खताचं रिकामं पोतं दुमडून डोक्यावर घेतो.

गेल्या रविवारी गुणाकर लांजीच्या बाजारात गेला. एक नवी खुमरी घेतली. पानं अजून हिरवट होती. काय बोलायचं ते त्यानं मोटारसायकलवर मनात जुळवलं. काका, मी तिथं तुमचं सोंग घेतलं. तुमचे शब्द म्हणून मी खोटं बोललो. एवढंच. पुढे त्यांना काय करायचं ते करू दे.

घरी जिजाबाई होती. "वावरात गेले," ती म्हणाली. चहाचं तिनं विचारलं नाही.

तो पळसापर्यंत गेला. लांब, खालच्या बांधीच्या धुऱ्यावर सुखराम पाठमोरा उभा होता. डोक्यावर पोतं. गुणाकरनं पिशवीतून कॅमेऱ्यासकट लेन्स काढली. का काढली, ते त्यालाही सांगता आलं नसतं. हाताची सवय होती. कडी फिरवली. पाऊस विरघळला, धान विरघळलं. पोत्याची शिवण आली. मग सुखराम थोडा वळला आणि त्याचा अर्धा चेहरा आला, भिजलेली दाढी, पडलेल्या दातांची खाच.

ओठ हलत होते.

एवढ्या लांबून आवाज येत नव्हता. पण ते चार-पाच शब्द गुणाकरला पाठ होते. त्यानं ते एकदा म्हटले होते. समोर रिकामं पाणी होतं, आणि सुखराम पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता. थांबत होता, वाट बघत होता, आणि परत म्हणत होता.

गुणाकरनं कॅमेऱ्यावरून डोळा काढला. सुखराम पुन्हा डासाएवढा झाला.

तो बराच वेळ पळसाला धरून उभा राहिला. मधलं अंतर ऐंशी पावलं होतं आणि धुरा मोकळा होता. पाय निघाला नाही. शेवटी त्यानं खुमरी पळसाच्या खालच्या फांदीला अडकवली आणि तो परत फिरला.

आज सकाळी तो पुन्हा जाऊन आला. खुमरी तिथंच आहे. पानांवर पांढरी बुरशी धरू लागली आहे.