माहेरी गेली

महिन्याचा तिसरा मंगळवार, आरोग्य केंद्राची बैठक. हजर: डॉक्टर, दोन नर्सबाई, मी आणि आठ आशाताई. गैरहजर एक. तिने काम सोडलंय.

"ही बाई तुमी डोळ्यांनी बघितली का?" माझ्या यादीतल्या नावावर बोट ठेवून ती विचारायची. ती धरणापलीकडच्या वाडीची आशाताई आणि मी तिची पर्यवेक्षक. पण तपासणी बहुतेक माझीच व्हायची.

तिचा कशावरच विश्वास नव्हता. रक्तदाबाचं यंत्र आधी स्वतःच्या दंडाला लावून बघायची. लोहाच्या गोळ्या वेळेवर घेते म्हणणाऱ्या गरोदर सुनेला सासूसमोर विचारायची, "मंग संडासला काळं होतंय का?" लोहाने शौचाला काळं होतं. सून तोंडाला पदर लावायची, आणि गोळी खरंच पोटात जाते का ते कळायचं.

माझाही तिच्यावर विश्वास नव्हता. तिच्या भेटींच्या नोंदी एकाच शाईत, एका बैठकीत लिहिल्यासारख्या. घरी बसून भरते, असा माझा संशय. एकदा न सांगता होडीत बसून गेले, तर ही तिसऱ्या घरात एका बाईच्या नडगीवर अंगठा दाबून सूज बघत होती.

"या शिस्टर. पाळत ठेवाया आलात न्हवं? बरं केलंत. च्या घ्या आन् चला फुडल्या घरी."

मागच्या वर्षीची गोष्ट. नांदे गावची एक सून. तिथून अर्ध्या तासात चार दवाखाने. लोक खोलीला एसी आहे का ते बघून ठरवतात. पण पहिलं बाळंतपण, म्हणून आठव्या महिन्यात ती माहेरी गेली, त्याच वाडीला. तिथून दवाखान्यात जायला आधी होडी, मग गाडी. मी 'माहेरी गेली' लिहून नावावर रेघ मारली. वाडीच्या यादीत तिचं नाव कोणी चढवलंच नाही. तालुका एकच, पण ऐन भरल्या दिवसांत आमच्या पोरी दवाखान्यांपासून लांब जातात आणि दोन याद्यांच्या मधे पडतात.

तिला शोधलं ते दोरीवरच्या गाऊनने. एका म्हाताऱ्या जोडप्याच्या अंगणात फुलाफुलांचा गाऊन वाळत होता.

"म्हातारी नऊवारीतली. मंग ह्यो गाऊन कुनाचा?" म्हणत आशाताई आत शिरली आणि तिथूनच तिने मला फोन लावला. "शिस्टर, तुमची नांद्याची बाई हितं सुजून बसलीया. डोकं ठणकतंय, डोळ्याम्होरं अंधारी येतीया. बीपी चढलंया, कवाबी झटका यील."

"तिचं कार्ड नॉर्मल आहे," मी म्हणाले.

"कारड नॉर्मल हाय. बाई न्हाई."

पोरीची आई सोडेना. "होडीत झटका आला म्हंजी?"

"हितं आला तर काय करशील, मावशे? मी हाय संगं. हो बाजूला!"

मी अलीकडच्या काठावर रुग्णवाहिका उभी केली. झटका आलाच, पण दवाखान्याच्या दारात. बाई वाचली, मुलगी झाली. मी आशाताईला शाबासकी द्यायला गेले, तर तिने मलाच सुनावलं.

"गाऊन वाळत घातला म्हनून घावली. घरात वाळवला असता तर? माहेरी गेलेल्यांची येगळी यादी करा. आन् रेघ मारू नका."

गुडघ्यांनी होडीत चढवेना, तेव्हा ती लेकाकडे कासार आंबोलीला राहायला गेली. वाडीची जागा अजून रिकामी आहे.

आज बैठक संपल्यावर ती वेगळी यादी घेऊन बसले. सात नावं. सहा जणींशी बोलणं झालं. सातवी नेरे गावची, नववा लागलाय, माहेर वाडीच्याही पुढे. तिचा फोन बंद. नवरा म्हणाला, "बरी आहे मॅडम ती. तिकडं रेंज नसते."

"तुमचं शेवटचं बोलणं कधी झालं?"

"गुरुवारी."

आज मंगळवार, पाच दिवस झाले. आजची होडी गेलेली आहे. उद्याच्या पहिल्या होडीने जायचं आहे.