तीन वाटा उघड्या

खंदारे सर आज सकाळी गेले, आणि मला आठवतोय एक अडकलेला प्रिंटर.

नव्वदच्या आसपासची परभणी. स्टेशन रोडला दुकानाच्या माडीवर सरांचा कॉम्प्युटर क्लास. मशीन एक, टर्मिनल चार, प्रिंटर एक. मी पिंगळीहून पॅसेंजरने यायचे.

खिडकीतून शेजारच्या जिनिंग मिलचा कापूस तरंगत यायचा, हिरव्या अक्षरांवर बसायचा.
दुपारी डोळे जड झाले की वाटायचं, स्क्रीनच्या आत कुठंतरी शेत आहे.

टेबलाखाली सरांची चार वर्षांची सुजाता. प्रिंटरच्या कागदाच्या भोकाभोकांच्या पट्ट्या गळ्यात घालून बसलेली.

शनिवारी औरंगाबादहून एक साहेब माझा प्रोग्रॅम बघायला येणार होते.
चालला तर नोकरी. नाहीतर घरचे स्थळ बघणार होते.

माझा प्रोग्रॅम दुसऱ्या एका प्रोग्रॅमला जन्म द्यायचा आणि संपायचा. पण प्रिंटर काही सुटायचा नाही. छापायला गेलं की स्क्रीनवर दर वेळी एकच उत्तर, बिझी.

सर म्हणाले, "पोरी, पहिला प्रोग्रॅम आई, दुसरा लेकरू. आईनं उघडलेलं सगळं लेकराच्या हातात जातंय. प्रिंटर त्यानं धरून ठेवलाय. देताना बघून द्यावं."

मी वैतागून लेकराकडं जाणाऱ्या सगळ्याच वाटा बंद केल्या.
प्रिंटर सुटला. पण लेकराचं स्क्रीनवर एक अक्षर येईना.

"मुकं केलंस की त्याला. आता त्याचं काय दुखायलंय, कळणार कसं?"
मग सरांनी तीन बोटं वर धरली. "ऐकायला एक, बोलायला एक, तक्रार करायला एक. तेवढ्या वाटा ठेव. बाकी बंद."

शनिवारी प्रोग्रॅम चालला. साहेब चहा पिता पिता "ठीक आहे" म्हणाले.
स्थळं थांबली.

विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत सरांचं गावातलं घर जाळलं होतं. हे मला दुसऱ्यांकडून कळलेलं.
नोकरीवर जायच्या आधी धीर करून विचारलं, सुजाताला सांगणार का?

सर टेबलाखाली बघत म्हणाले, "ती भीती माझ्याजवळ हाय. तिच्या हातात न्हाई द्यायची. विचारील तवा सांगीन."

आज फोन सुजाताचाच होता.
"ताई, मागच्या महिन्यात मी बाबांना घराचं विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं. मी लय भांडले, इतकी वर्षं का लपवलं म्हणून."

"मग?"

"ऐकत बसले. मधेच हसले. मला अजून कळंना, हसले कशाला."

मी तिला तीन बोटांची गोष्ट सांगितली.


सर, लेकरू बोलतंय. तक्रारही करतंय.
सावकाश जा.