जिन्यावरची गोल खिडकी

अकोल्यात मुंबईच्या नव्या धर्तीचे बंगले उठू लागले, तेव्हा आमचा ज्या गवंड्याने बांधला तो मूळचा मूर्तिकार. हात धुतल्याशिवाय थापीला शिवत नसे. गुळगुळीत भिंती, गोल कोपरे झाल्यावर जिन्यावर आगबोटीला असते तशी गोल खिडकी त्याने सगळ्यात शेवटी फोडली. मूर्तीचे डोळे उघडल्यावर दाखवतात, तसा तिलाही आरसा दाखवला.

त्या दिवसापासून मला एकटीला जिना चढवेना. मी त्याला बोलावून म्हटलं, "ही बुजवून टाका."

"उघडलेला डोळा बुजवता येत नाई, बाई."

मग तो खिडकीलाच म्हणाला, "बाईले भेव नको दाखवू." कान देऊन थांबला. माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "तुमी खालीच झोपत जा."